रस्ता नसलेल्या शहराचा विमानतळ

सदर : जगाच्या अंगणात



गेल्या पौर्णिमेला आमच्या विहारात वंदना आटोपली आणि मुलांचा वर्ग सुरू झाला. आमची वस्ती विमानतळाच्या कुंपणाला लागून आहे. दर थोड्या वेळाने एक विमान पत्र्यावरून जाते, आणि त्याचा आवाज विरेपर्यंत शिकवणाऱ्याने गप्प राहायचे, अशी तिथली रीतच पडून गेली आहे. असेच एक विमान गेल्यावर सहावीतल्या एका मुलाने विचारले, "काका, माझी आई रोज विमानतळावर जाते, फरशी पुसायला. पण ती विमानात कधीच बसली नाही. मग विमानतळ नेमका कुणासाठी असतो?"

बाकीची मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न सहावीतल्या मुलाचा असला तरी उत्तर सोपे नव्हते. मी त्याला म्हणालो, "पुढच्या रविवारी सांगतो." त्या रविवारी मुलांना जे सांगितले, तेच आज या सदरात आपल्यापुढे ठेवतो आहे. ही हकीकत आहे एका दूरच्या शहराची. तिथे विमानतळ ही चैन नाही, गरज आहे. आणि तरीही तो सगळ्यांचा नाही.

नकाशावर शोधा

घरात मुलांचा भूगोलाचा नकाशा असेल तर उघडा. दक्षिण अमेरिका खंडात पश्चिमेच्या किनाऱ्याला पेरू नावाचा देश आहे. त्याची राजधानी लिमा समुद्रकाठी आहे. लिमाच्या मागे अँडीज पर्वताची उंच भिंत उभी आहे, आणि ती ओलांडली की अॅमेझॉनचे जंगल सुरू होते. त्या जंगलात, विषुववृत्ताच्या जेमतेम चार अंश दक्षिणेला, अॅमेझॉन नदीच्या काठावर इकितोस नावाचे शहर आहे. लोरेतो या प्रांताची ती राजधानी. वस्ती चार-पाच लाखांच्या घरात. म्हणजे आपल्याकडचे एखादे जिल्ह्याचे शहरच म्हणा.

या शहरात शाळा आहेत, विद्यापीठ आहे, इस्पितळे आहेत, बाजार आहेत, भरपूर वाहने आहेत. फक्त एक गोष्ट नाही. बाहेरून शहरात येणारा रस्ता नाही! जगात रस्त्याने पोहोचता येत नाही अशा शहरांत हे सर्वांत मोठे मानले जाते. शहरातून निघणारा मोठा रस्ता सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नाउता या नदीकाठच्या गावी जातो आणि तिथेच संपतो. तो पुरा व्हायलाही २००५ साल उजाडावे लागले.

मग माणसे ये-जा करतात कशी? दोनच वाटा आहेत, एक पाण्याची आणि दुसरी आकाशाची.

पाण्याच्या वाटेने जायचे तर पुकाल्पा किंवा युरिमाग्वास या गावांपर्यंत आधी रस्त्याने यायचे आणि तिथून बोट धरायची. तिथे या बोटीला 'लांचा' म्हणतात, आपल्या 'लाँच'ची बहीणच शोभावी. बोटीत बाके नसतात. प्रत्येकाने आपला झूला घरून आणायचा आणि डेकवर टांगायचा. खाली कोंबड्या, केळीचे घड, सिमेंटची पोती, आणि वर दाटीवाटीने टांगलेली माणसे. युरिमाग्वासहून दोन-तीन दिवस, पुकाल्पाहून चार-पाच दिवस लागतात. नदीला पाणी कमी असेल तर आणखी जास्त. लिमाहून विमानाने हेच अंतर दोन तासांच्या आत संपते.

एकीकडे दोन तास, दुसरीकडे जवळजवळ आठवडा. या दोहोंच्या मध्ये उभा आहे तो तिकिटाचा पैसा.

धावपट्टी आणि तीनचाकी

इकितोसच्या विमानतळाला पेरूच्या हवाई दलातील कर्नल फ्रान्सिस्को सेकादा विग्नेत्ता यांचे नाव दिले आहे. शहराच्या मध्यापासून काही किलोमीटरवर, जंगल तोडून केलेल्या सपाट जागेवर तो आहे. धावपट्टी एकच, सुमारे अडीच किलोमीटर लांबीची. तिथली बहुतेक विमाने लिमाला जातात. २००६ साली सरकारने देशातील इतर काही प्रादेशिक विमानतळांबरोबर हा विमानतळही कराराने एका खाजगी कंपनीकडे चालवायला दिला.

विमानातून उतरले की दमट उकाडा अंगावर येतो. बाहेर मोटारींपेक्षा तीनचाकींचीच गर्दी जास्त. पुढून मोटारसायकल आणि मागे दोघा-तिघांची बैठक, अशी ही गाडी. शहराचा सगळा कारभार तिच्यावर चालतो. आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट इथे सांगतो. पेरू देशात आपल्या बजाजच्या रिक्षाही मोठ्या संख्येने धावतात. त्यांचे तिथले नाव 'तोरितो', म्हणजे लहानसा बैल. आपल्या कामगारांच्या हातचा बैल सातासमुद्रापार गोरगरिबांच्या संसाराचा गाडा ओढतो आहे.

विमाने येण्यापूर्वी हे शहर स्वतःच्याच राजधानीपासून इतके दूर होते की आज खरे वाटणार नाही. लिमाहून निघालेल्या माणसाला पर्वत ओलांडून, खेचरावर बसून, नाव वल्हवत पोहोचायला आठवडेच्या आठवडे लागत. उलट अटलांटिक महासागरातून अॅमेझॉनच्या मुखात शिरून साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक आत, थेट इकितोसच्या धक्क्याला इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरातून आगबोट येत असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस नदीच्या पाण्यावर उतरणारी छोटी विमाने सुरू झाली, तेव्हा कुठे राजधानी जवळ आली.

आता प्रश्न पडेल, की जंगलातल्या या आडगावी इंग्लंडची आगबोट कशाला येत होती? याचे उत्तर वाचताना मन घट्ट करावे लागेल.

रबराची किंमत

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सायकली आल्या, मोटारी आल्या आणि जगाला टायरसाठी रबर हवे झाले. रबराचे झाड तेव्हा अॅमेझॉनच्या जंगलातच होते. इकितोसमध्ये पैशाचा पूर आला. व्यापाऱ्यांनी युरोपातून रंगीत फरशा मागवून वाडे सजवले. एकाने तर युरोपात तयार झालेले अख्खे लोखंडी घर बोटीने आणून चौकात उभे केले. ते घर आजही प्रवाशांना कौतुकाने दाखवले जाते.

पण चीक गोळा करून कोण आणत होते? जंगलातले मूळ रहिवासी. हुइतोतो, बोरा, आंदोके, ओकाइना अशी त्यांच्या जमातींची नावे. पुतुमायो नदीच्या खोऱ्यात हुलिओ सेसार आराना या इकितोसच्या बड्या व्यापाऱ्याच्या कंपनीने त्यांना गुलामासारखे राबवले. ठरल्या वजनाचे रबर आणले नाही तर पाठीवर चाबूक पडे. उपासमार, कोंडून ठेवणे, बायका-मुलांना ओलीस धरणे, ठार मारणे हे रोजचेच झाले. पाठीवरच्या वळांना लोक 'आरानाची खूण' म्हणू लागले. ही कंपनी लंडनमध्ये नोंदलेली होती. तिचे संचालक आणि भागधारक दूर बसून नफा मोजत होते.

१९०९ साली वॉल्टर हार्डेनबर्ग या अमेरिकन तरुणाने लंडनच्या एका नियतकालिकात ही कहाणी उघड केली. मग ब्रिटिश सरकारने आपला अधिकारी रॉजर केसमेंट याला १९१० मध्ये चौकशीला धाडले. त्याने साक्षी घेतल्या, पाठीवरचे वळ पाहिले, आणि त्याचा अहवाल १९१२ साली प्रसिद्ध झाला. तीस हजार माणसे मेल्याचा अंदाज तेव्हा मांडला गेला. जग हळहळले. शिक्षा मात्र आरानाला कधीच झाली नाही. उलट पुढे तो लोरेतोचा प्रतिनिधी म्हणून पेरूच्या संसदेत सिनेटर झाला.

रबराचा हा बाजार मोडला तोही न्यायाने नव्हे, तर दुसऱ्या बाजाराने. हेन्री विकहॅम या इंग्रजाने १८७६ मध्येच ब्राझीलमधून रबराच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनला नेल्या होत्या. तिथे वाढलेली रोपे श्रीलंकेत आणि मलायात गेली, तिथे मळे उभे राहिले आणि ते रबर स्वस्त पडू लागले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इकितोसची श्रीमंती ओसरली.

आपल्या लोकांना ही कथा परकी वाटणार नाही. ज्यांच्या घामावर शहर उभे राहते, त्यांचे नाव शहराच्या कुठल्याच कोनशिलेवर नसते. शहर जगाशी जोडले गेले ते रबर बाहेर नेण्यासाठी. रबर देणाऱ्या माणसांना जगाशी जोडून घ्यावे, असे कुणालाही वाटले नाही.

पाण्याने दाखवलेली वाट

आता मुलांना फार आवडलेली एक खरी घटना सांगतो. २४ डिसेंबर १९७१ रोजी लिमाहून पुकाल्पामार्गे इकितोसला जाणारे एक विमान जंगलावर वादळात सापडले. त्यावर वीज पडली आणि विमान आकाशातच मोडले. आत ९२ माणसे होती. त्यातली ९१ गेली. वाचली ती एकटी मुलगी. युलियाना कोपके तिचे नाव, वय १७ वर्षे. आसनाला पट्ट्याने बांधलेल्या स्थितीत ती सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून झाडांच्या गर्दीत पडली. शेजारी बसलेली तिची आई मात्र गेली.

गळपट्टीचे हाड मोडलेले, हाताची जखम चिघळलेली, डोळे सुजलेले. खायला मिठाईखेरीज काही नाही. पण तिचे आई-वडील प्राणिशास्त्रज्ञ होते, आणि तिने त्यांच्याबरोबर जंगलात राहून शिकून घेतले होते की ओहोळ दिसला तर त्याच्या कडेने खाली जावे. ओहोळ मोठ्या ओढ्याला मिळतो, ओढा नदीला, आणि नदीकाठी माणसे असतात. ती चालत राहिली, पोहत राहिली. दहा दिवसांनी तिला एक होडी आणि एक झोपडी दिसली. लाकूडतोड्यांनी तिला तिथून सुखरूप नेले. पुढे ती स्वतः प्राणिशास्त्रज्ञ झाली.

मातांनो, आपण मुलींना शिकवतो तेव्हा "हिला याचा काय उपयोग" असे कुणीतरी म्हणतेच. त्या मुलीला नशिबाने वाचवले हे खरे. पण पडल्यानंतरचे दहा दिवस तिला तिच्या शिक्षणाने वाचवले, हेही तितकेच खरे आहे.

श्वासही विमानाने

आणि आता २०२० सालाकडे येऊ. करोनाचे ते वर्ष आपल्यापैकी कोण विसरेल? आपली माणसे डोक्यावर बोचके आणि कडेवर लेकरू घेऊन शेकडो मैल पायी निघाली होती. पेरूतही तेच झाले. लिमातील रोजंदार कामगार गावाकडे चालत निघाले. पण इकितोसच्या माणसाला चालण्यापुरताही रस्ता नव्हता. बोटी बंद, नेहमीची विमाने बंद. काहींना सरकारी मदत-विमानांतून नेण्यात आले. बाकीचे अडकून पडले.

खुद्द इकितोसमध्ये त्या एप्रिल-मे महिन्यांत हाहाकार उडाला. इस्पितळे भरून गेली, कित्येक डॉक्टर दगावले, आणि प्राणवायू संपला. प्राणवायूच्या नळकांड्याचा भाव काळ्या बाजारात अनेक पटींनी चढला. लोकांनी दागिने मोडले, कर्जे काढली, रात्रभर रांगा लावल्या. नळकांडी यायची ती लिमाहून, विमानाने. अडीच किलोमीटरची ती धावपट्टी म्हणजे अवघ्या शहराची श्वासनलिकाच झाली होती. पुढे जुलैमध्ये झालेल्या पाहणीत दहापैकी सुमारे सात जणांच्या रक्तात रोग येऊन गेल्याच्या खुणा सापडल्या.

सरकारची वाट पाहून लोक थकले. तेव्हा डॉक्टरकीही शिकलेल्या एका स्थानिक पाद्र्याने वर्गणीची हाक दिली. ज्याला जे जमेल ते त्याने द्यावे. लोकांनी दिले, आणि त्या पैशांतून प्राणवायू तयार करणारे यंत्र आणले गेले.

हे वाचले तेव्हा मला तथागतांची गोष्ट आठवली. एक आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले, आणि मग बाकीच्या भिक्खूंना एकमेकांच्या शुश्रूषेचा धडा दिला. करुणा म्हणजे नुसते डोळ्यांत पाणी आणणे नव्हे. त्यासाठी हात लावावा लागतो, खिशात हात घालावा लागतो.

पण वर्गणीवर किती दिवस काढायचे? मूळ प्रश्न उरतोच. पाच लाखांच्या शहराला प्राणवायूसाठी आकाशाकडे बघावे लागते, हा निसर्गाचा दोष की व्यवस्थेचा?

रस्ता हवा की नको?

तिथे हा वाद जुना आहे. व्यापारी आणि शहरातली बरीच माणसे म्हणतात, रस्ता करा, माल स्वस्त होईल, रोगी वाचेल. जंगलातल्या मूळ रहिवाशांपैकी अनेकजण म्हणतात, रस्ता आला की त्याच्यामागून लाकूडवाले येतात, जमीन बळकावणारे येतात. त्यांच्या आजोबांनी रबरवाल्यांना येताना पाहिले होते, तेव्हा त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. शिवाय जमीन दलदलीची, दर पावसाळ्यात नदी कित्येक मीटर चढणारी. शहरातच बेलेन नावाची गरीब वस्ती आहे. तिथली कित्येक घरे लाकडी ओंडक्यांच्या तराफ्यावर बांधलेली आहेत, पूर आला की घर तरंगत वर येते. २०१२ च्या मोठ्या पुरात अशा वस्त्यांनीच सर्वांत जास्त सोसले.

मला वाटते, रस्ता असो, बोट असो की विमान, कशाने जायचे हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की ते ठरवताना कुणाला विचारले जाते. आपल्या बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या योजनांना चालना दिली. पाटबंधारे, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करणारी केंद्रीय यंत्रणा त्यांच्याच काळात उभी राहिली. पाणी आणि वाहतूक हे त्यांना इंजिनिअरांपुरते विषय वाटले नाहीत. त्यांच्या लेखी तो माणसांच्या हक्कांचा विषय होता. चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावताना जो हक्क होता, तोच हक्क रस्त्यावर, इस्पितळावर आणि धावपट्टीवरही आहे.

त्या मुलाला दिलेले उत्तर

मुलांना एवढे सांगून झाल्यावर मी म्हणालो, "आता आपल्या विमानतळाची गोष्ट ऐका." ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच रात्री त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले. आपली माणसे, गिरणीतली, गोदीतली, झाडू खात्यातली, मिळेल त्या वाटेने सांताक्रूझच्या विमानतळाकडे निघाली. त्यांतल्या बहुतेकांनी विमानतळ त्याआधी कधी पाहिलाही नसेल. ती रात्र त्यांनी डोळ्यांत पाणी घेऊन उभ्याने काढली. त्या रात्री विमानतळ कुणाचा होता, हे कुणाला विचारावे लागले नाही.

मग मी त्या मुलाला म्हणालो, "बाळा, विमानतळ तिकीट काढणाऱ्याचा असतो असे लोक म्हणतात. पण तो ज्याने बांधला त्याचाही असतो, आणि जो रोज पुसतो त्याचाही. तुझ्या आईने फरशी पुसली नाही, तर एकही पाहुणा तिथे पाय ठेवायचा नाही. तिला पगार वेळेवर मिळायला हवा, आजारी पडली तर दवाखाना मिळायला हवा, आणि मनात आले तर विमानात बसताही यायला हवे. यातली एकही गोष्ट उपकाराची नाही."

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, इकितोसला पण फरशी पुसणाऱ्या बाया असतील ना?"

"असतीलच की."

"मग त्यांची पोरंपण हेच विचारत असतील."

वाचकहो, एवढ्यात डोक्यावरून विमान गेले, म्हणून मला उत्तर द्यावे लागले नाही. पण खरे सांगतो, उत्तर त्या मुलानेच दिले होते. हजारो मैलांवरच्या, नाव-गाव ठाऊक नसलेल्या एका मुलाचे मन त्याला कळले. रस्ता नसला तरी एवढी वाट माणसाला माणसापर्यंत पोहोचवते.

या रविवारी मुलांना नकाशा उघडून इकितोस शोधायला सांगा. आणि घरातली जी आई, आजी किंवा मावशी रोज दुसऱ्यांच्या जागा झाडून-पुसून येते, तिला घरी आल्यावर आधी पाण्याचा तांब्या द्या आणि मग विचारा, तिला कुठे जावेसे वाटते.

पुढच्या अंकी भेटूच. जयभीम!